हलवायाच्या घरावर तुळशीपत्र : गद्दाफीच्या ‘फुकट’ लिबियाचा हिशेब

१/ समाजमाध्यमांवर एक यादी वर्षानुवर्षे फिरत आहे. मुअम्मर गद्दाफीच्या लिबियात वीज फुकट, शिक्षण फुकट, औषधोपचार फुकट. नवविवाहित जोडप्याला ५०,००० डॉलर. प्रत्येकाला स्वतःचे घर. वाळवंटात मानवनिर्मित नदी. यादीच्या शेवटी ठरलेले वाक्य येते : अशा लोककल्याणकारी नेत्याला पाश्चात्त्यांनी संपवले. वाचणारा हळहळतो आणि यादी पुढे धाडतो. त्या यादीचा हा हिशेब, जमेच्या बाजूपासून.

२/ लिबियात शिक्षण आणि सरकारी रुग्णालयांतील उपचार मोफत होते, हे खरे. साक्षरता व आयुर्मान या काळात पुष्कळ वाढले आणि मानव विकास निर्देशांकात हा देश आफ्रिकेत वरच्या क्रमांकांवर होता, हेही खरे. वीज मात्र फुकट नव्हती, सरकारी अनुदानामुळे अतिशय स्वस्त होती. लग्नाच्या डॉलरांसारखी काही कलमे तर पुराव्याविनाच फिरतात. परंतु वाद अशा किरकोळ दुरुस्त्यांचा नाही. जे दिले गेले ते कोणाच्या पैशातून दिले गेले आणि त्याच्या बदल्यात काय काढून घेतले गेले, हे दोन प्रश्न ती यादी विचारीत नाही.

३/ आरंभ दारिद्र्यापासून करावा लागतो. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली. पूर्वेकडील सायरेनेका प्रांतातील प्रतिकार मोडण्यासाठी मुसोलिनीच्या राजवटीने भटक्या टोळ्यांना छळछावण्यांत कोंडले आणि १९३१ मध्ये वृद्ध सेनानी उमर मुख्तार यांना फाशी दिले. मग दुसऱ्या महायुद्धाचे रणगाडे या भूमीवरून फिरले. २४ डिसेंबर १९५१ रोजी राजे इद्रिस यांच्या नेतृत्वाखाली देश स्वतंत्र झाला, तेव्हा जगातील अतिदरिद्री देशांत त्याची गणना होत होती. युद्धातील भंगार हा त्याच्या निर्यातीचा एक महत्त्वाचा जिन्नस होता.

४/ १९५९ मध्ये झेल्तेन येथे तेलाचा प्रचंड साठा सापडला. १९६१ मध्ये निर्यात सुरू झाली. १९६९ पर्यंत लिबिया दिवसाला सुमारे ३० लाख पिंपे तेल उपसत होता आणि लोकसंख्या होती जेमतेम २० लाख. यादीतील प्रत्येक वस्तूची किंमत ज्या तेलाने चुकवली, ते गद्दाफी सत्तेवर येण्यापूर्वीच वाहू लागले होते. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे, ही तरतूदही १९५१ च्या राज्यघटनेतच होती, आणि देशाचे पहिले विद्यापीठ १९५५ मध्ये बेंगाझीत उभे राहिले होते.

५/ म्हणून इद्रिस यांचा काळ सुवर्णयुग ठरत नाही. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीनंतर राजांनी राजकीय पक्षांवर बंदी घातली. तेलाच्या कंत्राटांभोवती दलालांची साखळी माजली. त्रिपोलीजवळ व्हीलस येथे अमेरिकेचा प्रचंड हवाई तळ होता आणि अरब राष्ट्रवादाने भारलेल्या तरुणांना तो रोज डिवचत असे. १ सप्टेंबर १९६९ रोजी राजे उपचारांसाठी तुर्कस्तानात असताना काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली. फारसा रक्तपात झाला नाही. त्यांचा म्होरक्या सिर्तजवळच्या बदाऊन कुटुंबात जन्मलेला, नासरला आदर्श मानणारा, २७ वर्षांचा होता. लोकांनी त्याचे स्वागत केले. त्या क्षणी स्वागत करणारे मूर्ख नव्हते.

६/ गद्दाफीच्या खात्यावर एक खरा पराक्रम जमा आहे. १९७० मध्ये त्याने तेलकंपन्यांकडे अधिक दराची मागणी केली. सुएझ कालवा १९६७ पासून बंद होता. सौदी तेल भूमध्य समुद्राकडे नेणारी नळवाहिनीही त्या वर्षी खंडित झाली. युरोपच्या दाराशी असलेले, कमी गंधकाचे लिबियन तेल एकाएकी अमूल्य ठरले. राजवटीने ऑक्सिडेंटल कंपनी हेरली, कारण तिची बहुतेक मदार लिबियावरच होती. तिच्या उत्पादनात सक्तीने मोठी कपात करण्यात आली. कंपनीने पर्यायी तेलासाठी बड्या कंपनीकडे हात पसरले आणि ते रिकामेच परतले. सप्टेंबरमध्ये ऑक्सिडेंटल वाकली, पाठोपाठ इतर वाकल्या. तेलाच्या जागतिक इतिहासाला येथे वळण लागले.

७/ पण ऑक्सिडेंटलसारखी एकट्या लिबियावर विसंबलेली छोटी कंपनी तेथे आली कशी? १९५५ च्या तेल कायद्याने बड्या कंपन्यांची मक्तेदारी होऊ नये म्हणून क्षेत्राचे लहान लहान तुकडे पाडून ते अनेक कंपन्यांना दिले होते. तो कायदा राजे इद्रिस यांच्या काळातला. शस्त्र जुन्या राजवटीने घडवले, नव्या राजवटीने ते धैर्याने चालवले. याचे श्रेय द्यावे, पण तेवढेच द्यावे.

८/ आता दातृत्वाचा प्रश्न. कुवेतमध्ये अमिरांची वंशपरंपरागत सत्ता होती. तेथे ना क्रांती झाली, ना कोणी क्रांतीचा ग्रंथ लिहिला. तरीही तेलाच्या पैशातून मोफत शिक्षण आले, मोफत उपचार आले आणि १९५३ मध्येच पुढच्या पिढ्यांसाठी पैसा गुंतवण्याची संस्थाही स्थापन झाली. माणसे थोडी आणि तेल उदंड, अशा देशांत राजा असो वा क्रांतिकारक, काही ना काही वाटले जातेच. लिबियातील मोफत शाळा हा गद्दाफीच्या अंतःकरणाचा पुरावा मानायचा, तर मग आखातातील प्रत्येक अमिराला संत मानावे लागेल.

९/ मराठीत यासाठी नेमकी म्हण आहे : हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. हलवाई म्हणजे लिबियन जनता. तेल तिचे, जमीन तिची. तुळशीपत्र ठेवणाऱ्याने दानाचे पुण्य स्वतःच्या नावावर लिहून घेतले, आणि हलवायाने हिशेब विचारताच त्याला गजाआड केले.

१०/ हिशेब विचारण्याची साधने कशी नष्ट झाली, हे कालक्रमाने पाहावे. १९७२ : राजकीय पक्ष काढणे हा मृत्युदंडास पात्र गुन्हा. एप्रिल १९७३, झुवारा येथील भाषण : प्रचलित कायदे स्थगित, ‘राजकीय रोग्यां’चे निर्मूलन. १९७५ : ‘ग्रीन बुक’चा पहिला भाग. संसद, पक्ष, निवडणूक या सर्वांना तो ग्रंथ लोकांची फसवणूक ठरवतो. मार्च १९७७ : देशाचे नाव ‘जमाहिरिया’, म्हणजे जनसमूहांचे राज्य. कागदोपत्री सारी सत्ता लोकसमित्यांकडे गेली. प्रत्यक्षात सैन्य, गुप्तचर यंत्रणा आणि तेलाचा पैसा एकाच माणसाच्या मुठीत राहिला.

११/ १९७९ मध्ये त्याने सर्व अधिकृत पदांचा त्याग केला आणि तो केवळ ‘क्रांतीचा मार्गदर्शक’ उरला. वरवर वैराग्य वाटणारी ही चाल अत्यंत धूर्त होती. ज्याच्याकडे पदच नाही, त्याला पदच्युत करायचे कसे? फेब्रुवारी २०११ मध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा त्याने दूरचित्रवाणीवरून हेच उत्तर दिले, की राजीनामा द्यायला आपल्याकडे पदच नाही. त्याच भाषणात त्याने आंदोलकांना उंदीर म्हटले आणि गल्लीगल्लीतून त्यांना हुसकून काढण्याची धमकी दिली.

१२/ यादीतील ‘प्रत्येकाला घर’ हे कलम १९७८ मधले आहे. जो राहतो त्याचे घर, असा कायदा झाला. भाड्याने दिलेली घरे मालकांच्या हातून गेली. काही भाडेकरूंचे भले झाले, हे नाकारू नये. पण भाड्यासाठी घर बांधणे संपले आणि मालकीचे तंटे पुढच्या पिढ्यांना वारसाहक्काने मिळाले. १९८१ च्या सुमारास खाजगी दुकाने बंद करून सरकारी बाजारगृहे उघडली गेली. तेथे कधी साबण नसे, कधी तेल. १९८१ च्या १५ क्रमांकाच्या कायद्याने सरकारी पगार गोठवले गेले, ते दोन दशकांहून अधिक काळ जवळपास तसेच राहिले. तीच वीसएक वर्षांपूर्वीची वेतनश्रेणी, भाव मात्र चालू बाजाराचे. फुकट विजेच्या दिव्याखाली शिक्षकाने महिन्याचा खर्च कसा जुळवला, हे यादी सांगत नाही.

१३/ उरलेला पैसा गेला कोठे? १९७९ मध्ये युगांडात इदी अमीनला वाचवण्यासाठी सैन्य धाडण्यात आले. चाडमध्ये वर्षानुवर्षे युद्ध चालले. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअप गाड्यांवरून चढाई करून लिबियाच्या रणगाड्यांची दाणादाण उडवली, आणि ज्या आउझू पट्ट्यासाठी हा खटाटोप होता तो १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चाडलाच दिला. सोव्हिएत शस्त्रांचे डोंगर रचले गेले. आयर्लंडमधील सशस्त्र गटाला जहाजांतून शस्त्रे गेली.

१४/ २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकरबीवर विमान फुटले, २७० माणसे मेली. पुढच्या वर्षी नायजरच्या वाळवंटावर फ्रेंच विमानात १७० मेली. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. त्यांचा चटका तंबूतील मार्गदर्शकाला कमी आणि औषधासाठी वणवण करणाऱ्या सामान्य लिबियनाला अधिक बसला. २००३ मध्ये लॉकरबीच्या मृतांच्या कुटुंबांसाठी २.७ अब्ज डॉलरांची भरपाई मान्य झाली. तीही हलवायाच्याच घरातून.

१५/ ‘औषधोपचार फुकट’ या कलमापुढे बेंगाझीच्या बालरुग्णालयाची हकीकत ठेवावी. १९९८ मध्ये तेथे ४०० हून अधिक मुलांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे उघड झाले. राजवटीने पाच बल्गेरियन परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरला अटक केली, त्यांचा छळ केला, त्यांना दोनदा मृत्युदंड सुनावला. परदेशी गुप्तहेरांचा कट असल्याचे खुद्द गद्दाफीने सूचित केले. ज्यांच्यावर एचआयव्हीच्या शोधाचे श्रेय आहे त्या ल्युक मोंतान्ये यांच्यासह तज्ज्ञांनी तपासणी केली. संसर्ग या परिचारिका रुजू होण्यापूर्वीच पसरू लागला होता आणि कारण होते रुग्णालयातील अस्वच्छता, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००७ मध्ये आरोपी सुटले. उपचार फुकट होते. सुईची स्वच्छता तपासणारी, चूक कबूल करणारी यंत्रणा नव्हती. ज्यांना परवडे ते लिबियन उपचारांसाठी ट्युनिशियाला जात.

१६/ मानवनिर्मित महानदी मात्र खरोखर भव्य आहे. १९८४ मध्ये काम सुरू झाले. १९९१ मध्ये सहारातील भूजल बेंगाझीला आणि १९९६ मध्ये त्रिपोलीला पोहोचले. अवाढव्य नळ, हजारो किलोमीटरची वाट. ते पाणी हजारो वर्षांपूर्वी साठलेले आहे आणि पुन्हा भरून येत नाही, हे यादीत नसते. तरीही ही कामगिरी मोठीच. पण याच नळांतून ज्या बेंगाझीला पाणी मिळाले, त्या शहराला आणखी काय मिळाले तेही पाहिले पाहिजे.

१७/ एप्रिल १९७६ मध्ये विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला बेंगाझीत जाहीर फाशी दिली गेली, आणि पुढील काळात ही तारीख विद्यापीठांच्या आवारात दहशतीचा वार्षिक दिवस बनली. जून १९८४ मध्ये अमेरिकेत शिकून परतलेला तरुण अभियंता सादिक हमीद शुवेहदी याला बेंगाझीच्या बास्केटबॉल क्रीडागारात आणले गेले. प्रेक्षकांत शाळकरी मुले होती. तो रडत होता. त्याला तेथेच फासावर चढवले आणि दूरचित्रवाणीवरून देशाला ते दाखवले. मोफत शिक्षणाचा हाही एक धडा होता.

१८/ देश सोडून गेलेल्यांचीही सुटका नव्हती. परागंदा विरोधकांना ‘भटकी कुत्री’ म्हणून संबोधले जाई आणि मारेकरी त्यांच्या मागावर धाडले जात. एप्रिल १९८० मध्ये बीबीसीच्या अरबी सेवेतील पत्रकार मोहम्मद मुस्तफा रमदान यांना लंडनमध्ये मशिदीबाहेर गोळ्या घालण्यात आल्या. चार वर्षांनी त्याच शहरात लिबियन दूतावासातून निदर्शकांवर गोळीबार झाला आणि त्यात इव्हॉन फ्लेचर ही महिला पोलीस ठार झाली.

१९/ आता अबू सलीम. त्रिपोलीतील या तुरुंगात जून १९९६ मध्ये कैद्यांनी बंड केले. मागण्या साध्या होत्या : नातेवाइकांच्या भेटी, उपचार, माणसासारखी वागणूक. वाटाघाटी झाल्या. दुसऱ्या दिवशी कैद्यांना अंगणांत आणून वरून गोळीबार करण्यात आला. ठार झालेल्यांची संख्या १,२०० च्या पुढे असावी, असा मानवाधिकार संस्थांचा अंदाज आहे.

२०/ घरच्यांना काहीच कळवले गेले नाही. आया, बायका, भाऊ दूरच्या गावांहून येत राहिले. मुलासाठी कपडे, खाण्याचे डबे, औषधे तुरुंगाच्या फाटकावर देत राहिले. पहारेकरी ते घेत राहिले. वर्षानुवर्षे मेलेल्या माणसांसाठी आणलेले अन्न जिवंत फाटकातून आत जात राहिले. २००१ नंतर कोठे कोठे मृत्यूच्या सूचना पोहोचू लागल्या. बहुतेकांना दाखले मिळाले ते २००८ नंतर, आणि त्यांवर मृत्यूचे खरे कारण नव्हते. मृतदेह मिळाले नाहीत.

२१/ या कुटुंबांनी २००७ मध्ये बेंगाझीच्या न्यायालयात दावा लावला. दर शनिवारी छायाचित्रे हाती धरून ती शहरात उभी राहू लागली. सरकारने भरपाई देऊ केली. अट होती न्यायालयीन मागणी सोडण्याची. अनेक कुटुंबांनी पैसे नाकारले. गद्दाफीच्या दातृत्वावर लिबियन जनतेचे मत काय होते, असा प्रश्न कोणाला पडलाच तर उत्तर या नकारात आहे.

२२/ येथे यादीच्या शेवटच्या वाक्याकडे यावे : ‘पाश्चात्त्यांनी संपवले.’ २००३ मध्ये गद्दाफीने अण्वस्त्रांचा कार्यक्रम सोडला आणि पाश्चात्त्य नेत्यांची त्याच्या तंबूत रीघ लागली. मार्च २००४ मध्ये टोनी ब्लेअर आले. २००७ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा तंबू सन्मानाने उभारला गेला. २००८ मध्ये इटलीने वसाहतकाळाच्या भरपाईपोटी ५ अब्ज डॉलरांचा करार केला, आणि स्थलांतरितांना अडवण्याचे काम पदरात पाडून घेतले. ब्लेअर तंबूत बसले त्याच महिन्यात विरोधी नेता अब्देल हकीम बेलहाज व त्याची गरोदर पत्नी यांना बँकॉकमध्ये पकडून त्रिपोलीच्या स्वाधीन करण्यात आले. त्यातील सहभागाबद्दल ब्रिटनने २०१८ मध्ये माफी मागितली. पश्चिमेचा दोष आहेच. तो २०११ मध्ये बॉम्ब टाकण्यापासून सुरू होत नाही. त्याआधी तुरुंगाच्या दारापर्यंत माणसे पोहोचवण्यातही तो आहे.

२३/ उठाव कसा सुरू झाला? १५ फेब्रुवारी २०११ रोजी बेंगाझीत फती तेरबिल या वकिलाला अटक झाली. तो अबू सलीमच्या कुटुंबांचा वकील होता. ती कुटुंबे रस्त्यावर उतरली, त्यांच्यामागे शहर उतरले. नाटोची विमाने आली ती महिन्याभरानंतर. ज्या आयांनी पंधरा वर्षे वाट पाहिली, त्यांना परकीयांचे हस्तक ठरवणारी यादी त्यांच्या मुलांना दुसऱ्यांदा पुरते.

२४/ नाटोचे समर्थन करण्याचीही गरज नाही. सुरक्षा परिषदेचा १९७३ क्रमांकाचा ठराव नागरिकांच्या रक्षणासाठी होता, त्याचे रूपांतर सत्तांतराच्या युद्धात झाले. त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता आणि ती सावधगिरी पुढे सार्थ ठरली. २० ऑक्टोबर २०११ रोजी सिर्तमध्ये सांडपाण्याच्या नळातून गद्दाफीला ओढून काढले आणि जमावाने त्याला ठार केले. मिसरातातील शीतगृहात त्याचे प्रेत पाहायला रांगा लागल्या. तो खून लिबियाचेही नुकसान करून गेला. न्यायालयात उभा राहिला असता तर अबू सलीमच्या आदेशाचा माग सर्वांसमोर निघाला असता.

२५/ शेवटचा युक्तिवाद : ‘तो गेल्यावर देशाची राखरांगोळी झाली, म्हणजे तोच बरा.’ ४२ वर्षे ज्याने पक्ष, स्वतंत्र कामगार संघटना, वृत्तपत्रे, निःपक्ष न्यायालये उगवूच दिली नाहीत. नियमित सैन्य दुबळे ठेवून मुलांच्या हाती पलटणी दिल्या. त्याच्या पश्चात बंदुकीखेरीज दुसरी संस्था उरणार कशी? जुलै २०१२ मध्ये लिबियन लोकांनी मोठ्या उत्साहाने मतदान केले. मतदान करण्याची इच्छा जिवंत होती. निकाल पेलणारे राज्य नव्हते. २०१४ पासून देश दोन सत्तांत फाटला.

२६/ देर्ना शहराच्या वरची दोन धरणे १९७० च्या दशकातली, गद्दाफीच्या काळातली. १९९८ मध्येच त्यांना भेगा दिसल्या. दुरुस्तीचे कंत्राट २००७ मध्ये निघाले, काम २०१० मध्ये सुरू झाले, उठावात थांबले आणि नंतरच्या कोणत्याही सरकारने ते पुरे केले नाही. सप्टेंबर २०२३ च्या वादळात धरणे फुटली, हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. भेग दिसल्यावर बारा वर्षे काम सुरू न करणारी राजवट आणि पुढची बारा वर्षे तिकडे न फिरकणारे तिचे वारस, दोघेही एकाच सवयीचे : जाब विचारणारे कोणी नाही, याची खात्री.

२७/ ती यादी पुन्हा समोर आली, तर खोडून टाकू नये. तिच्यात एक कलम जोडावे आणि मग पुढे धाडावी. वीज स्वस्त, शाळा मोफत, रुग्णालय मोफत. आणि अबू सलीमच्या फाटकावर मेलेल्या मुलासाठी आईने आणलेला जेवणाचा डबा, तोही फुकट घेतला जाई.